सुलतानची मान आणि तयार दाखला

दाखला आधीच टाइप झालेला होता. रोगी मला नंतर दाखवण्यात आला.

गडचांदूरच्या बाहेरच्या एका बंगल्यात डायनिंग टेबलावर माझ्यासाठी चहा आणि एक कागद ठेवलेला होता. कागदावर मजकूर होता : ‘सदर सर्पाच्या मानेस काचेचे झाकण आदळल्यामुळे गंभीर दुखापत झाल्याचे तपासणीअंती आढळून आले.’ खाली माझे नाव, ‘निवृत्त पशुधन विकास अधिकारी’ हे पदनाम आणि सहीसाठी ठिपके. तपासणी अद्याप व्हायची होती. अंत मात्र झालेला होता.

“सही मारा डॉक्टरसाहेब, मंग चहा घ्या,” बंटीभाऊ म्हणाले. बंगला त्यांचा, खाणीतला चुनखडीचा दगड कारखान्यापर्यंत वाहणारे ट्रक त्यांचे, आणि चौकाचौकांतले फ्लेक्सही त्यांचेच.

“साप कुठे आहे?”

“आहे ना अंदर. तो कुठी जाते?”

सोफ्यावर पोलीस ठाण्याचे बीट जमादार बसले होते. त्यांच्या मांडीवर दुसरा कागद होता : पोलीस तक्रारीचा मसुदा. मी तो मागून घेऊन वाचला. घरकाम करणाऱ्या सोनाबाईने पाळीव प्राण्यास जायबंदी केले, सबब भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये कारवाई व्हावी. कलम बरोबर होते. बाकी सर्व चूक होते. त्या कलमाला नुसती इजा पुरत नाही. हेतू किंवा जाणीव लागते. शिक्षा मात्र पाच वर्षांपर्यंतची आहे. ही गोष्ट तेथे दोघांनाच नीट ठाऊक होती : मला, आणि स्वयंपाकघराच्या दारात पदराचे टोक मुठीत धरून उभ्या असलेल्या सोनाबाईला. कारण सकाळपासून तिला दर अर्ध्या तासाने तेच ऐकवले जात होते.

सेवेत असताना असे तयार दाखले मी पुष्कळ पाहिले. म्हैस गोठ्यात रवंथ करीत असताना तिच्या मृत्यूचा दाखला माझ्यापुढे आलेला आहे. प्रत्येक वेळी मी लेखी नकार दिला आणि प्रत्येक वेळी माझी बदली झाली. गडचिरोलीतल्या कुरखेड्याचा रस्ता मला त्यामुळेच पाठ आहे. निवृत्त माणसाची बदली करता येत नाही, ही तरतूद बंटीभाऊंच्या लक्षात आलेली नसावी.

साप आणला गेला. आणला म्हणजे, मान मोडल्याचा ज्याच्याबद्दल दाखला हवा होता त्याला बंटीभाऊंनी डोक्यामागे दोन बोटांत पकडून, उरलेले शरीर लोंबकळत ठेवून, हवेत मिरवत आणले.

“खाली ठेवा!” मी ओरडलो. “मानेला इजा असेल तर ती तुम्ही आत्ता करीत आहात.”

वाचकांनी हे लक्षात ठेवावे. सापाच्या मानेविषयी शंका असेल तर त्याला डोक्याने उचलू नये. दोन्ही हातांचा, शक्य तर फळीचा, आधार संपूर्ण शरीराखाली द्यावा. सपाट तळाच्या, हवेची भोके असलेल्या डब्यात टॉवेलवर ठेवावे आणि अंधार करावा. तेल चोळू नये. हळद लावू नये. रील करू नये.

साप बॉल पायथन जातीचा होता. हा आफ्रिकेतला बिनविषारी अजगर. घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो. नाव सुलतान. पाठीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा. अशा नक्षीच्या सापाला पैदास करणारे ‘स्पायडर’ म्हणतात. सुलतानचे डोके एका बाजूला कलत होते, थरथरत वर जात होते आणि मळसूत्रासारखे फिरून पुन्हा खाली येत होते.

“हे केव्हापासून?”

“कालपासून. माह्याकडे पाहुणे होते. सगळ्यांच्या समोर उंदीर टाकला, अन् यानं दोन खेपा उंदीर चुकवला! लोक हासून राह्यले, साहेब. एक जण म्हणे, याची मान मोडली वाटते. मंग मले याद आली, सकाळी या बाईनं याच्या काचेच्या पेटीचं झाकण पाडलं होतं.”

मी सोनाबाईकडे वळलो. “झाकण पडलं होतं का, बाई?”

“पडलं, डाक्टरसाहेब. खोटं काऊन बोलू? फडकं मारता मारता हातून सुटलं. पण तो तिकडच्या कोपऱ्यात मडक्यात बसला होता. मी त्याले पाच वर्साच्या चाकरीत एकदाबी हात नाई लावला.”

“साप येऊन आठच महिने झाले,” जमादारांनी दुरुस्ती केली.

“मंग आठ महिन्यांत नाई लावला,” सोनाबाई म्हणाली. “पह्यले सव्वाचार वरीस तं नसलेल्याले कुठी लावू?”

खरे बोलणाऱ्या माणसाची ही अडचण असते. तिने झाकण पडल्याचे नाकारले असते तर प्रकरण सोपे झाले असते आणि तिला कोणी सोडलेही नसते. आता झाकण कोठे पडले याला साक्षीदार एकच होता, आणि तो डोके फिरवीत होता.

मी तपासणी सुरू केली. सापाची मान कोठे संपते आणि पाठ कोठे सुरू होते हे ठरवणे सोपे नसते. एक मणका दुसऱ्यासारखाच. डोक्यापासून मी एकेक मणका बोटाने चाचपत गेलो. सूज नाही, खाच नाही, करकर नाही, कातडीवर व्रण नाही. शेपटीचे टोक दाबले, तिने ताबडतोब बोट गुंडाळले. म्हणजे मज्जारज्जू शेवटपर्यंत काम करीत होता. मग त्याला हलकेच उताणे केले. धडधाकट साप लगेच सुलटा होतो. सुलतान झाला, पण डोके दोनदा चुकीच्या दिशेला गेले.

“एक्स-रे लागेल,” मी म्हणालो. “चंद्रपूरला.”

“सापाचा एक्स-रे? सही करून टाका ना साहेब, तुमाले काय फरक पडते?”

“मला पडत नाही. या बाईंना पाच वर्षांपर्यंत पडू शकतो.”

बंटीभाऊंच्या गाडीतून आम्ही चौघे निघालो. सुलतान डब्यात, डबा माझ्या मांडीवर. चंद्रपूरच्या पशुचिकित्सालयातल्या छापील अर्जावर ‘गाय, म्हैस, शेळी, इतर’ एवढेच पर्याय होते. आफ्रिकेहून निघून आमच्या कोरपना तालुक्यात पोहोचलेला तो प्राणी ‘इतर’मध्ये बसला. फिल्म स्वच्छ आली. एकही मणका हललेला नव्हता.

“झालं! मी सुटलो,” सोनाबाई म्हणाली. आमच्याकडे बायकाही ‘सुटलो’च म्हणतात.

मला तिला थांबवावे लागले. हाड शाबूत म्हणजे मान शाबूत, असे शास्त्र सांगत नाही. नसेला मुका मार बसला तर तो फिल्मवर दिसत नाही. माझा संशय त्या जाळीदार नक्षीवर होता. ती पैदाशीतून हौसेने उतरवताना कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग जन्मतःच सदोष येतो. असा साप डोलतो, खळबळीत अधिक डोलतो आणि भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकवतो. या दोषावर औषध नाही. परंतु संशय हा पुरावा नव्हे. तो बंटीभाऊंच्या बाबतीत नव्हता, तसा माझ्याही बाबतीत नाही. डोलणे झाकण पडण्यापूर्वीचे आहे हे सिद्ध व्हायला हवे होते.

“काल सकाळपूर्वी हा एकदाही डोलला नव्हता?” बाकावर बसून मी पुन्हा विचारले.

“कधीच नाई. एकदम फिट होता.”

जमादार मोबाइल चाळत होते. त्यांची मान वर झाली. “पण भाऊ, तो तं नाचते ना?”

“कोण?”

“सुलतान. तुमी रील टाकली नोती का, आला त्या दिवशीची? डीजे लावून? म्या लाइकबी केलती. हे पाहा.”

पडद्यावर बंटीभाऊ गळ्यात हार घालून उभे होते. सुलतानलाही हार होता. डीजेच्या आवाजात त्याचे डोके कलत होते, थरथरत वर जात होते, मळसूत्रासारखे फिरत होते. खाली स्वतः बंटीभाऊंनी लिहिले होते : ‘आपला भाई आला, पहिल्याच दिवशी नाचून राह्यला!’ तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती.

सोनाबाईने वाकून रील पुन्हा एकदा पाहिली.

“तवा नाचत होता म्हणे,” सोनाबाई सावकाश म्हणाली. “अन् काल पाहुण्यांच्या समोर नाचला तं माह्यानं मान मोडली?”

“तू चूप राह्य वं,” बंटीभाऊ म्हणाले. पण आवाजात कलम ३२५ उरलेले नव्हते. “जमादारसाहेब, तुमी कोन्या पार्टीचे आहा?”

“म्या का केलं भाऊ? लाइकच केलं ना!”

माझ्या बॅगेत कोरे कागद, पेन आणि कार्बन नेहमी असतात. कार्बनला लोक हसतात. परंतु कार्बनची प्रत ‘डिलीट’ होत नाही. त्याच बाकावर मी माझा दाखला लिहिला. काय तपासले, काय आढळले, कोणती चित्रफीत पाहिली, कोणाच्या समक्ष. निष्कर्ष : आघाताचा पुरावा नाही, लक्षणे प्राणी घरी आला त्या दिवसापासूनची, जन्मजात दोष संभवतो. शेवटी मी बंटीभाऊंकडे सापाच्या नोंदणीचे कागद मागितले; ते नव्हते, म्हणून आणखी एक ओळ : ‘सदर विदेशी प्राण्याच्या नोंदणीचे कागद मागितले असता दाखवण्यात आले नाहीत.’

“ही नोंदणी म्हंजे का असते?” बंटीभाऊंनी विचारले.

“वन्यजीव संरक्षण अधिनियम, चौथी अनुसूची. साप परदेशी असला तरी कायदा येथलाच लागतो. नोंदणी तुम्ही केली असेलच. तक्रारीला जोडा.”

“राहू द्या डॉक्टरसाहेब. तक्रार नाई करत. कागदाचीबी काई गरज नाई.”

“गरज तुम्हीच निर्माण केलीत,” मी म्हणालो आणि प्रती काढल्या. एक ठाणेदारांस माहितीस्तव. एक वनाधिकाऱ्यांस उचित कार्यवाहीस्तव. एक मालकांस. चौथी मी घडी घालून सोनाबाईच्या हातात दिली. टाइप केलेल्या दाखल्यावरच्या ठिपक्यांवर मी आडवी रेघ मारली, खाली ‘अमान्य’ लिहिले आणि तेथे मात्र सही केली.

तक्रार झाली नाही. वनविभागाचे लोक आल्यावर बंटीभाऊंनी नोंदणीसाठी धावपळ केली; डीजे आणि हार बंद झाले. सुलतान अजून डोलतो. आता त्याच्यापुढे उंदीर चिमट्याने, शांतपणे धरावा, एवढे मी लिहून दिले आहे.

सोनाबाईने ते घर त्याच आठवड्यात सोडले. मध्यंतरी ती बाजारात भेटली. दुसऱ्या घरी काम लागले होते. नव्या मालकिणीने जुने काम का सुटले हे विचारले, तेव्हा हिने पिशवीतून माझी प्रत काढून दाखवली. तिने ती लॅमिनेट करून घेतली आहे. वाचून त्या बाई म्हणाल्या, उद्यापासून या. एका मेहनती, खरे बोलणाऱ्या स्त्रीकडे चारित्र्याचा म्हणून आज एवढाच लेखी पुरावा आहे : एका आफ्रिकी अजगराचा वैद्यकीय दाखला.

तरुण पशुवैद्यकांसाठी एक सूचना. तपासणीआधी दाखला तयार असेल तर चिडून उठून जाऊ नये. तो कागद हेच पहिले लक्षण समजावे, आणि प्रथम ज्याने तो टाइप करून घेतला त्याला तपासावे.