पोट चिरलेली सून

अक्का गेल्याचं भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी रडले नाही. माझी सख्खी थोरली बहीण, ऐंशी पार केलेली, झोपेतच गेली. वाईट वाटलं, पण तक्रार नव्हती. डोकं फिरलं ते दहाव्याला. पेडगावहून तिच्या सासरची माणसं आली होती. त्यातला एक शहाणा, तिच्या दिराचा नातू, पुढे होऊन म्हणाला, "आमच्या घराण्याची लक्ष्मी गेली." लक्ष्मी म्हणे! तिथंच सुनावणार होते, पण भाच्यानं हात धरला. म्हणून आता लिहिते आहे. ज्याला झोंबायचं त्याला झोंबू दे.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आम्ही पाथरीचे, वडिलांचं किराणा दुकान. अक्काला पेडगावला दिली. वर्षा-दोन वर्षांत पाळी चुकली, पोट दिसू लागलं आणि सासूनं हौसेनं चोरओटी भरली, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत गाजावाजा न करता भरतात ती. पोट वाढत गेलं, पण आत काही हलेना. अक्का दुखण्यानं गडबडा लोळायला लागली, तेव्हा सुईण म्हणाली, हे बाळ नव्हे. वडिलांनी तिला बैलगाडीतून पिंगळीच्या स्टेशनावर आणि तिथून रेल्वेनं हैदराबादच्या जनाना दवाखान्यात नेलं. डाव्या अंडाशयावर नारळाएवढी गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी गाठीबरोबर ते अंडाशय आणि त्या बाजूची नळीही काढली. मग वडिलांना आणि दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, समोर बसवून नीट सांगितलं की गर्भाशय शाबूत आहे, उजवी बाजू धडधाकट आहे, मूल होऊ शकतं. दोघांनी माना डोलावल्या.

पण गाठीची ओटी भरली म्हणून गाव सासूला हसलं होतं. तो राग निघाला अक्कावर. न्हाणीत बायकांनी तिच्या पोटावरचा लांबलचक व्रण पाहिला आणि ठरवून टाकलं, की एवढं चिरलंय म्हणजे भोपळ्यासारखं आतून कोरूनच काढलं असणार. त्या दिवसापासून अक्काला कुणाच्या डोहाळजेवणाचं बोलावणं नाही, कुणाची ओटी भरायची नाही. शेतात, जात्यावर, गोठ्यात मात्र तीच. आणि दाजी? डॉक्टरीणबाईंचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलेला हा माणूस आईपुढे तोंड उघडेना! उलट जिंतूरकडची दुसरी मुलगी ठरवली, सुपारीसुद्धा फुटली.

आणि नेमके तेव्हाच अक्काला दिवस गेले.

आधी सगळे म्हणाले, पुन्हा गोळाच असणार. मग सुईणीनं पोटावर हात ठेवून सांगितलं, बाळ लाथा मारतंय. झालं! आता गोळा म्हणता येईना, आणि ठरलेलं लग्न मोडायचं तर नामुष्की. तेव्हा त्या लोकांनी काय काढावं! वडिलांना बोलावून घेतलं. मी बारा-तेरा वर्षांची, सोबत गेले. अंगणात गावचे कारभारी बसलेले. सासू म्हणाली, "डाक्टरनीनं आत काईच ठेवलं न्हाई. मंग हे आलं कुठून? हे आमच्या पोराचं न्हाई."

अक्का दारात उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा करून सासूला म्हणाली, "मामी, आत काईच नसंल तर दुसऱ्याचं तरी कसं ऱ्हाईल? परक्याचं लेकरू काय हवेत वाढतंय?"

एक म्हातारा कारभारी खोकल्याचं निमित्त करून हसला. एवढाच काय तो न्याय. दाजी जमिनीकडे बघत बसले. वडील म्हणाले, "चल बाई," आणि आम्ही तिला पाथरीला घेऊन आलो.

मुलगा झाला. आणि काय चमत्कार, पेडगावात सगळ्यांना एकदम आठवलं की अक्काची उजवी बाजू धडधाकट आहे! बारशाला दाजी झबलं-टोपडं घेऊन हजर. "मायनं बोलावलंय. झालं गेलं सोडून दे."

"काय सोडू?" अक्का म्हणाली. "चार मान्सांत तुमच्या मायनं सांगितलं, तुमचं न्हाई. तुमी गप बसलात. आता पोरगं बघून आलात व्हय? पोरगी झाली असती तर आला असता का?"

दाजींनी झबलं-टोपडं उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेले. आमची माय रडली, सासरी जा, तुझ्या पाया पडते म्हणाली, पण अक्का गेली नाही. ते तिला सोपं गेलं असं कुणी समजू नये. पाथरीच्या बाजारात लोकांनी त्या पोराला काय काय म्हटलं, ते मी ऐकलंय. अक्का ऐकून घरी यायची आणि भांडी आपटायची. त्या नवऱ्यानं एकदा, फक्त एकदा, अंगणात मान वर करून "माझं आहे" म्हटलं असतं तर? जीभ झडली असती का त्याची?

पाथरीच्या घरात अक्काच्या चुलीजवळच्या फरशीवर अजून काळे डाग आहेत. पुढं कितीतरी बायका तिच्याकडे यायच्या. कुणाची नळी काढलेली, कुणाचं एका बाजूचं अंडाशय. अक्का कोळशानं फरशीवर गर्भाशय काढायची, दोन्हीकडे नळ्या, टोकाला अंडाशयं. मग ओल्या बोटानं एक बाजू पुसायची आणि म्हणायची, "एवढं गेलं. बाकीचं हाय का न्हाई?"

दहाव्यापासून मी पाथरीच्या घरातच राहिले आहे. परवा एक पोरगी सासूबरोबर आली. अक्का गेल्याचं तिला माहीत नव्हतं. तिची एक नळी काढलेली. सासू उंबऱ्यातूनच म्हणाली, "आता हिचं कसं व्हायचं?" मी कोळसा हातात घेतला, खाली बसले आणि विचारलं, "हिचा नवरा कुठाय?"

"भाईर हाय, गाडीपाशी."

"बोलवा त्याला आत. त्याच्यासमोर सांगते, अन् हिला लेकरू होऊ शकतंय हे त्याच्याच तोंडून समद्यांपुढं वदवून घेते."