वेलांटीबाईंचा फेब्रुवारी

छापखान्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. मालकांपासून बाइंडरपर्यंत सगळ्यांच्या त्या वेलांटीबाई. काम मुद्रितं तपासण्याचं, आणि नजर अशी की शंभर पानांतली एक चुकलेली वेलांटी त्यांना घासातल्या खड्यासारखी लागायची. चोवीस वर्षं एकच खिडकी, एकच टेबल. लग्न राहून गेलं होतं. आधी वडील गेले, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग आईचं आजारपण. आई गेली तेव्हा बाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि घरात तो विषय निघेनासा झाला होता. बाई भावाकडेच राहत. भाऊ आणि भावजय चांगली होती. म्हणून तर बाईंना काही कमी आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

व्हॅलेंटाइनच्या कार्डांचं काम दरवर्षी जानेवारीतच येई. लाल बदाम, गुलाब, मिठी मारणारी अस्वलं. मोबाईल आल्यापासून या धंद्याला ओहोटी लागली होती, तरी थोडी कार्डं खपायची. बाई बावन्न वर्षांच्या झाल्या त्या जानेवारीत मालक टेबलापाशी आले.

"बाई, यंदा कार्डाच्या मागे या दिवसाची गोष्ट हवी आहे. दहा ओळी, गोड. तुम्ही लिहा."

"मी चुका काढते. लिहीत नाही."

"मग चुका न करता लिहा."

"नाहीतरी व्हॅलेंटाइन म्हणजे वेलांटीनच की," संगणकावर अक्षरं जुळवत बसलेला जुळारी म्हणाला. "बाईंच्या घरचंच कार्य."

बाई सलग तीन संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसल्या. चौथ्या दिवशी डबा खायला मागच्या खोलीत आल्या त्या तोंड पाडूनच. समोर छपाईचं यंत्र चालवणारे मशीनवाले एकटेच बसले होते. तीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्यांच्या कानांचं मातेरं झालं होतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात ते आणि दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी मुलगी, एवढीच माणसं.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"खात्रीचं काहीच निघालं नाही," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "रोममध्ये त्या नावाचा एक धर्मगुरू होता, त्याला मारलं. कुणी म्हणतं एक, कुणी म्हणतं दोन-तीन. राजाची बंदी असताना तो शिपायांची चोरून लग्नं लावायचा म्हणतात, पण ते फार नंतर लिहिलेलं. तुरुंगातून तिथल्या पहारेकऱ्याच्या मुलीला चिठ्ठी पाठवली, तेही नंतरचंच. प्रेमाशी या दिवसाचा संबंध जोडला तो हजारएक वर्षांनी, कवींनी. त्या सुमाराला पाखरं जोड्या जमवतात, असं त्यांचं म्हणणं."

"मग तसंच लिहा."

"काय, की कुणाला माहीत नाही?"

"हो. माझं आणि बायकोचं कसं जमलं, ते आम्हाला तरी कुठं धड आठवायचं? ती म्हणायची बसथांब्यावर. मी म्हणायचो तिच्या मामाच्या दुकानात. एकोणीस वर्षं संसार झाला. अडलं का काही?"

बाई हसल्या. हसताना त्यांना ठसका लागला आणि मशीनवाल्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्या दुपारी त्यांनी दहाऐवजी अकरा ओळी लिहिल्या. गोष्टी सगळ्या सांगितल्या, कुठली कधीची तेही सांगितलं, आणि शेवटी पाखरं. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मुदत जवळ आली होती. कार्ड छापलं गेलं. एका दुकानदारानं गठ्ठा परत पाठवला. दुसऱ्यानं दोनशे जास्त मागवली.

चौदा तारखेला बांधणीच्या खोलीतल्या मुलींना उसंत नव्हती. आठवडाभर त्यांचं चाललंच होतं. एक दिवस गुलाबाचा, एक चॉकलेटचा, एक अस्वलाचा, एक वचनाचा. कोपऱ्यावरच्या फुलवाल्यानं गुलाबाचा भाव तिप्पट केला होता आणि तरी त्याच्या बादल्या दुपारीच रिकाम्या. जेवणाची सुट्टी संपता संपता मशीनवाले बाईंच्या टेबलापाशी आले. शाईचे हात पुसत, खाली वाकून ते कुजबुजले. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"बाई, मला हे गुलाबबिलाब जमत नाही. रविवारी आमच्याकडे जेवायला या. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही विचारणार नसाल तर मीच जाऊन विचारते."

बांधणीच्या खोलीत कागदांची सळसळ थांबली. जुळाऱ्यानं मान वळवली. बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"रविवारी मला काही काम नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे येताय?"

"म्हणजे येते. आणि जरा हळू बोला."

"हळूच बोलतोय."

त्या रविवारी गेल्या, मग पुढच्याही. वर्ष तसंच सरत आलं. मुलीनं एक दिवस सरळच विचारलं, "तुम्ही इथेच का राहत नाही?" बाईंनी लग्नाचं घरी सांगितलं तेव्हा भावाच्या हातातला चहा निवला.

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक त्यांना म्हणायचं ते म्हणतील," भावजय म्हणाली. "अहो, आजवर ताईंनी आपल्याला काय हवं ते विचारलं. त्यांना काय हवं ते आपण कधी विचारलं?"

भाऊ चार दिवस ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जेवला. बाईंनी त्या चार दिवसांत तीनदा नाही म्हणायचं ठरवलं आणि तीनदा मोडलं. पाचव्या दिवशी तो बूट घालता घालता म्हणाला, "साक्षीदार किती लागतात?"

"तीन."

"मग मी एक."

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं वही चाळली. "चौदा फेब्रुवारीची यादी भरली आहे. सगळ्यांना तोच दिवस हवा असतो. सोळा चालेल?"

"सोळाच द्या," मशीनवाले म्हणाले. "चौदाच्या गर्दीत मला काही ऐकूही यायचं नाही."

सोळाला लग्न झालं. भाऊ सहीपुरता आला होता, तो जेवून गेला आणि निघताना बहिणीचा हात बराच वेळ सोडेना. संध्याकाळी मुलीनं कपाटाचे चार खण रिकामे करून दाखवले. बाईंचे कपडे दोनांतच मावले. उरलेल्या दोनांचं काय करावं ते त्यांना सुचेना.

"राहू देत," मुलगी म्हणाली. "भरतील हळूहळू."