सुई बदलायची, सिरिंज तीच

घाटकोपरच्या पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी एक धर्मादाय दवाखाना होता. सत्तर सालाच्या आसपास मी तिथे नर्स म्हणून लागले. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आई आणि मी मुलुंडला एका खोलीत राहायचो. वडील लवकर गेले होते. कोर्स संपल्या संपल्या घराजवळ नोकरी मिळाली म्हणून आई खुशीत होती.

दवाखान्यात डॉक्टर एकच होते. साठीचे, कमी बोलणारे. सकाळी आठला खुर्चीत बसले की शेवटचा पेशंट गेल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. टेकडीवरच्या वस्तीत त्यांना फार मान होता आणि तो त्यांनी कमावलेला होता. त्यांच्याशिवाय मी आणि एक आया, एवढाच कारभार.

वस्तीतल्या लोकांचा गोळीवर विश्वास नव्हता. ताप असो, अशक्तपणा असो, कंबर धरलेली असो, सुई टोचली तरच औषध मिळालं असं त्यांना वाटायचं. डॉक्टर पूर्वी समजावून सांगायचे म्हणे. मी गेले तोवर त्यांनी ते सोडून दिलं होतं. चिठ्ठीवर इंजेक्शन लिहायचे आणि पेशंटला माझ्या टेबलाकडे पाठवायचे.

माझ्याकडे काचेच्या पाच सिरिंजा होत्या आणि तीन-चार डझन सुया. त्या नीट उकळायच्या तर वीस मिनिटं लागायची, शिवाय स्टोव्ह पेटायचा वेळ वेगळा. स्टोव्ह एकच आणि रॉकेल रेशनवर. सकाळी मी सगळं व्यवस्थित उकळून ठेवायचे. पहिल्या पाच माणसांत पाचही सिरिंजा वापरून व्हायच्या आणि रांग तर व्हरांड्यातून रस्त्यापर्यंत गेलेली असायची. पुढे काय करायचं ते माझ्या आधीच्या नर्सने पहिल्याच दिवशी दाखवलं होतं.

"सुई बदलायची, सिरिंज तीच. मधे स्पिरिट आत घेऊन बाहेर टाकायचं, झालं."

"पण आम्हाला कोर्समध्ये..."

"कोर्समध्ये रांग नसते गं," ती म्हणाली.

पहिले काही आठवडे मला ते टोचत राहिलं. मी डॉक्टरांकडे आणखी सिरिंजा आणि दुसरा स्टोव्ह मागितला. त्यांनी ट्रस्टींना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघू. तोवर आटपा, बाहेर माणसं उन्हात उभी आहेत." माणसं खरोखरच उन्हात उभी होती. मग मलाही सवय झाली. वर्षभरात माझा हात इतका भराभर चालू लागला की लोक कौतुक करायचे.

टेकडीच्या अर्ध्या चढावर जालन्याकडचं एक बौद्ध कुटुंब राहायचं. मुलगा कांजूरमार्गला एका कारखान्यात कामाला, त्याची आई आणि त्याची बायको. बायको पहिलटकरीण, एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिच्या अंगात रक्त कमी होतं, म्हणून डॉक्टरांनी लोहाची दहा इंजेक्शनं लिहून दिली. ती सुईला फार भ्यायची. दारापर्यंत येऊन माघारी वळायची, मग नवरा तिच्या दंडाला धरून आत आणायचा. "घे ना. बाळासाठी घे," म्हणायचा आणि सुई टोचेपर्यंत तिचा हात सोडायचा नाही. त्यासाठी तो कारखान्यात पाळी बदलून घ्यायचा.

तिसऱ्या-चौथ्या सुईनंतर ती माझ्याशी बोलायला लागली. "हंडे उचलले तर चालतात का?" तिने एकदा विचारलं. मी नको म्हटलं. "मग कोण उचलणार?" म्हणत ती हसली. दहाही इंजेक्शनं तिने पुरी केली. तिच्या गालांवर थोडा रंग आला होता. ते बघून मला बरं वाटलं होतं.

पावसाळा सरला आणि वस्तीत कावीळ दिसायला लागली. आधी एक शिंपी, मग दोन भाऊ, मग गिरणीतून निवृत्त झालेला एक म्हातारा. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून येतेय. ते सगळ्यांना पटलं, कारण नळाचं पाणी गढूळ होतंच. ज्यांना जमलं त्यांनी पाणी उकळलं. काहीजण भांडुपला जाऊन कोणा माणसाकडून गळ्यात मुळ्यांची माळ घालून आले. त्या मुलीच्या नवऱ्याने वस्तीत सह्या गोळा केल्या आणि पाइप बदलून द्या म्हणून अर्ज दिला.

आठव्या महिन्यात ती आली तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. डॉक्टरांनी लगेच मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे बाळ मेलेलं जन्मलं आणि चौथ्या दिवशी तीही गेली.

दहा-बारा दिवसांनी तिची सासू दवाखान्यात आली. काय झालं ते तिनेच आम्हाला सांगितलं, भिंतीला टेकून, न रडता. मग म्हणाली, उभं राहवत नाही, अंगात ताकद नाही, एखादी सुई द्या. डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्स लिहिलं. मी तिला टोचलं. तिच्या आधी रांगेत पाच-सहा माणसं होऊन गेली होती. सुई बदललेली होती.

पुढच्या महिन्यात एका मेडिकल कॉलेजातून एक डॉक्टरीणबाई आल्या. तिशीच्या, खांद्याला शबनम पिशवी आणि हातात सायक्लोस्टाइल केलेल्या फॉर्मांचा गठ्ठा. उपनगरांतल्या काविळीची पाहणी करत होत्या. घरं दाखवायला माहितीतलं कोणीतरी हवं होतं, म्हणून डॉक्टरांनी मला दुपारी त्यांच्याबरोबर जायला सांगितलं.

त्या प्रत्येक घरात तेच प्रश्न विचारायच्या. पाणी कुठलं, उकळता का, बाहेरचं काय खाल्लं, संडास कुठे, गेल्या सहा महिन्यांत सुई घेतली का, कुठे, किती वेळा. कावीळ झालेल्याचं घर संपलं की शेजारच्या, कावीळ न झालेल्या घरात जाऊन पुन्हा तेच सगळं विचारायच्या. मला हे वेळ घालवणं वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"पाणी दोघंही एकाच नळाचं पितात ना?" त्या म्हणाल्या. "मग ह्याला झाली आणि त्याला नाही झाली, असं का? ज्याला झाली नाही त्याला विचारल्याशिवाय ते कसं कळणार?"

शिंप्याच्या घरी सुईचा प्रश्न आला तेव्हा तो हसला. "ह्या बाईंनाच विचारा. महिनाभर ह्यांनीच तर दिल्या." शेजारच्या घरात कावीळ नव्हती आणि सुईही नव्हती. त्या दोन भावांकडे कावीळ होती आणि सुया होत्या. त्यांच्या बहिणीने कधी सुई घेतली नव्हती, ती धडधाकट होती. काही घरांत उलटंही निघालं, पण थोड्याच. लोक मोठ्या आपुलकीने माझ्याकडे बोट दाखवत होते. तिसऱ्या दुपारी मी दाराबाहेरच थांबायला लागले. डॉक्टरीणबाई नुसत्या लिहीत होत्या.

मग त्या मुलीचं घर आलं. सासूने उत्तरं दिली. "सुया? दहा झाल्या बघा तिच्या. ह्यांच्याकडंच." डॉक्टरीणबाईंनी दहाचा आकडा लिहिला.

उतरताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "सिस्टर, तुम्ही सिरिंजा किती वेळ उकळता?"

"वीस मिनिटं."

"प्रत्येक पेशंटला वेगळी?"

"हो."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं मलाच कावीळ होतेय. तिने मला खिडकीशी नेऊन माझे डोळे तपासले. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा डॉक्टर घरी गेले होते. मी ट्रे आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"मी खोटं सांगितलं," मी म्हटलं. मग सिरिंज उचलून मी रोज जे करायचे ते करून दाखवलं. सुई काढली, स्पिरिट आत घेतलं, बाहेर टाकलं, दुसरी सुई लावली.

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी रागवावं असंही वाटत होतं. त्यांनी वही काढली. सिरिंजा किती? रांगेत माणसं किती? उकळायला वेळ किती? रॉकेल किती दिवस पुरतं? हे कोणी शिकवलं? वर कोणाला सांगितलं होतं का?

"माझं नाव लिहाल?"

"नाव मला नकोच आहे. मला हे लिहायचंय की पाच सिरिंजांत एवढी माणसं उरकायची वेळ आली की काय होतं. तुमच्या जागी दुसरी कोणी असती तरी हेच झालं असतं."

मला त्याचा आधार वाटला नाही. मी विचारलं, "ती मुलगी माझ्यामुळे गेली का?"

त्यांनी वही मिटली. "एकट्या माणसाबद्दल पाहणीतून खात्रीने सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण सिरिंजमध्ये मागच्या माणसाचं रक्त राहतं. आपल्याला दिसत नाही एवढं. तिला बहुतेक तिथूनच झाली असणार."

दुसऱ्या दिवसापासून मी उकळलेल्या सिरिंजा संपल्या की इंजेक्शनं थांबवायला लागले. स्टोव्ह पुन्हा पेटवायचे, वीस मिनिटं मोजायचे आणि मगच पुढचा माणूस आत घ्यायचे. रांगेत भांडणं झाली. "काल भराभर देत होतात, आज काय झालं?" असं लोकांनी मला तोंडावर विचारलं. मी कारण सांगू शकले नाही. थोड्याच दिवसांत बरीच माणसं रस्त्यापलीकडे बसणाऱ्या एका वैदूकडे जायला लागली. त्याच्याकडे एकच सिरिंज होती आणि स्टोव्ह नव्हताच.

पाहणीचा अहवाल आला तेव्हा त्यात कुठल्याच दवाखान्याचं नाव नव्हतं. पण ट्रस्टींनी ओळखलं. डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"त्यांना कोणाला तरी काढायचंय," ते म्हणाले.

"सिरिंजा मागितल्या होत्या, ते त्यांना सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मी गेलो तर दवाखाना बंद पडेल. दुसरा डॉक्टर इथे येणार नाही."

ते खरंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही. मी गेल्यावर दवाखान्यात दुसरा स्टोव्ह आला आणि दोन डझन सिरिंजा आल्या, असं आया मला पुढे भेटली तेव्हा म्हणाली.

सोडून जाण्याआधी मी टेकडीवर गेले. सासू दारात तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिला पहिल्यांदा कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

"सुईतनं?"

"हो."

ती सुपात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझ्या पोराला सांगू नको."

मी दाराशी खाली बसले.

"ती न्हाई न्हाई म्हणायची. ह्योच धरून न्यायचा तिला. त्याला कळलं तर त्यो जगायचा न्हाई. पाण्यानंच झालं म्हन."

मी बरं म्हटलं. मी निघाले तशी तिने हाक मारली. "मला बी दिली व्हतीस ना गं एक?"

"हो."

"मंग मला?"

मी तिला सांगितलं की सहा महिने लक्ष ठेवावं लागेल. मुलुंडला एका प्रसूतिगृहात मला काम मिळालं होतं. दर पंधरा दिवसांनी सुट्टीच्या दुपारी मी घाटकोपरला उतरून टेकडी चढायचे. ती दारात उजेडाकडे तोंड करून बसायची आणि मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे. ती मला चहा विचारायची नाही.

सहा महिने झाले तरी तिचे डोळे पांढरेच राहिले. त्या दिवशी मी तिला सांगितलं की आता भीती नाही. ती म्हणाली, "मंग आता येत जाऊ नको."

मी चपला घालत होते तेवढ्यात तिचा मुलगा कामावरून आला. वाळला होता. मला बघून त्याला बरं वाटलं.

"बाई, पाइप बदलला हं," तो म्हणाला. "अर्ज केला होता ना आपण, त्याचं काम झालं. आता पाणी एकदम साफ येतं. दवाखान्यात सांगा डॉक्टरांना. आता कोणाला व्हायची नाही."

मी सांगते म्हटलं. त्याची आई आत वळून चूल पेटवायला बसली होती. मी टेकडी उतरले.