राखून ठेवलेली दाढ

माझा मामा दातांचा डॉक्टर. अख्खी गल्ली त्याला दातमामा म्हणते. खरी भाची मी एकटीच, पण हक्क सांगणारे ढीगभर. लहानपणी मला या हक्कवाल्यांचा भयंकर राग यायचा.

मामाकडून दात काढून घेणं सोपं नव्हतं. त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, नुसते दात उपटायचे. दुखतोय? बस, आ कर, झालं. ती किंचाळणी ऐकत मामा मोठा झाला आणि त्याने उलटाच वसा घेतला. किडका दात तो कोरायचा, भरायचा, त्यावर टोपी बसवायचा, पण वाचवायचाच. "काढून टाकायला काय अक्कल लागते?" हे त्याचं पालुपद. दात मुळापर्यंत चिरलेला असेल किंवा हाडात डुगडुगत असेल तरच चिमटा बाहेर निघायचा, आणि तेव्हाही मामाचं तोंड असं व्हायचं जणू घरातलंच कुणी चाललंय.

माझी आई त्याची धाकटी बहीण. तिला शिट्टी यायची. साधीसुधी नाही, रस्त्याच्या त्या टोकाचं कुत्रं वळून बघेल अशी. मामाचा दवाखाना चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. दुपारी आई त्याचा डबा घेऊन जायची आणि जिना चढायचा कंटाळा म्हणून खालूनच शिट्टी घालायची, दोन आखूड, एक लांब. वरच्या खिडकीतून मामाचं उत्तर यायचं, एक लांब, दोन आखूड. ही त्यांची लहानपणापासूनची खूण. मग आ वासून बसलेल्या पेशंटला तसंच सोडून मामा धाडधाड जिना उतरायचा. "शोभतं का या वयात?" असं चपलावाले काका रोज म्हणायचे, आणि ऐकायला रोज दुकानाच्या दारात येऊन उभे राहायचे.

पुढे आईची खालची अक्कलदाढ उगवली. उगवली म्हणजे अर्धीच, बाकीची हिरडीखाली आडवी पसरलेली. हिरडीच्या पदराखाली अन्न अडकायचं, सूज यायची, तोंड उघडेना व्हायचं. मामा पिचकारीने तिथे धुवायचा, गोळ्या द्यायचा, सूज जायची. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

"काढून टाक ना रे एकदाची," आई म्हणाली.

मामाने एक्स-रे दिव्यासमोर धरला. दाढेची मुळं जबड्यातल्या नसेला जवळजवळ टेकली होती. "काढताना या नसेला धक्का लागला तर ओठ बधिर पडेल. मग शिट्टी विसर."

"मग राहू दे बाबा," आई म्हणाली.

मामाचा एक वर्गमित्र जबड्याचा सर्जन होता. त्याने एक्स-रे बघून मामाला झापलं. "दाढ परत परत सुजतेय ना? मग ती काढायचीच, आणि सूज नसताना काढायची. हिरडी उघडायची, दाढेचे तुकडे करायचे, एकेक तुकडा काढून टाके घालायचे. नसेला धक्का लागेलच असं कुठे आहे? बहिणीच्या तोंडात तू हात घालू नकोस. माझ्याकडे पाठव."

मामा हो म्हणाला आणि पाठवलं नाही. दर वेळी सूज गेली की दोघं भावंडं अशी खूश व्हायची, जणू दाढेला शहाणपण आलं. आजही ते आठवलं की दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं मला.

एकदा सूज गेली नाही, गळ्याकडे सरकली. आईला थुंकी गिळता येईना, श्वास घरघरायला लागला. मामाने तिच्या जिभेखाली बोटाने दाबून पाहिलं, तिथे लाकडासारखं टणक लागलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हॉस्पिटलात त्याच मित्राने जबड्याखाली छेद घेऊन पू काढला आणि दाढही काढली. आई वाचली.

बाहेर येऊन तो मामाला म्हणाला, "दाढ सहज निघाली रे. त्या नसेला काहीही झालेलं नाही."

मामा भिंतीला टेकून खालीच बसला.

ओठ बधिर झाला नाही. पण छेद घ्यावा लागला तिथूनच ओठाचा कोपरा हलवणारी एक बारीक नस जाते आणि एवढ्या सुजेत ती दुखावली. आईच्या ओठाचा डावा कोपरा ओघळला तो ओघळलाच. चहा सांडतो, ती पदराने टिपते. शिट्टी घालायला गेली की नुसती हवा येते.

मामाने कानाला खडा लावला. आता तो काढायची दाढ काढायचीच म्हणून सांगतो. आडवी असली तर मित्राकडे पाठवतो आणि पेशंट गेला की नाही ते फोन करून विचारतो. "दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका," हे त्याचं नवं पालुपद. आईसाठी त्याने जिन्याच्या तोंडाशी घंटी बसवली. ती वाजवत नाही, धापा टाकत वर चढते.

"अरे, राहू दे असं मीच म्हटलं होतं ना?" आई एकदा त्याला म्हणाली.

"तू काहीही म्हणशील. डॉक्टर मी होतो," मामा म्हणाला. मला त्याचा राग आला होता तो तेवढ्यात विरघळला, आणि मामाचंच जास्त वाईट वाटलं.

परवा आईचे गुडघे धरले म्हणून डबा मी नेला. घंटी दाबणार तेवढ्यात वरच्या खिडकीतून शिट्टी आली. एक लांब, दोन आखूड. मी चमकून मागे बघितलं. रस्त्यावर शिट्टी घालणारं कुणीच नव्हतं.

"रोजचंच आहे ते," चपलावाले काका दारातून म्हणाले. "तुझी आई इथे उभी राहून फुंकते नुसती. वर काय ऐकू जाणार? पण वेळ झाली की हा आपला उत्तर देतो. मग ती चढते."

मी वर गेले. मामा हात पुसत दारातच उभा होता. माझ्या मागे जिन्यात बघत म्हणाला, "आई कुठाय?"

"घरी. गुडघे दुखतायत."

"आलीच नाही?" त्याने डबा घेतला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. "मला आज शिट्टी ऐकू आल्यासारखी वाटली गं."