अस्वलाची जखम

“मी का म्हंतो बाबूजी,” एवढं बोलून नायक थांबायचा आणि पुढे काही म्हणायचाच नाही. आपण कान देऊन बसायचं, चहा निवायचा, अंगणातल्या कोंबड्या दोन फेऱ्या मारून जायच्या, आणि मग तो उठून सांगायचा, “चाल्तो मंग.” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बोलायला येतात आणि बसून जातात. त्यांच्या मनात काही नसतं असं मात्र समजू नका. मी तसं समजत आलो आणि फसलो.

आमचं गाव साकोली तालुक्यातलं, एकोडीपासून सायकलच्या अंतरावर. भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, त्यापलीकडे जंगल. गावात फौजेतून परतलेले आम्ही दोघेच. मी हवालदार, पण कारकून. चोवीस वर्षं पलटणीच्या ऑफिसात काढली म्हणून गावाने मला बाबूजी करून टाकलं. तो सतरा वर्षांनी नायक होऊन आला. दर्जा माझा मोठा, पेन्शन माझी मोठी, आणि पंधरा ऑगस्टला शाळेपुढे सरपंचांच्या शेजारची खुर्चीही माझीच. कोटावर दोन पदकं लावून मी बसायचो. एक नऊ वर्षांच्या नोकरीचं, दुसरं वीस वर्षांच्या. म्हणजे टिकून राहिल्याबद्दलची, पण गावाला कोण सांगतो? नायकाला नऊ वर्षांचं तेवढं एकच होतं. ते लावून तो मागे पोरांच्या रांगेपाशी उभा राहायचा.

शिवाय गाव त्याला अस्वलवाला म्हणायचं. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी, ऐन मोहफुलांच्या दिवसांत तो सुटीवर आला तो डावा खांदा बांधूनच. त्याच्या आईने गावभर सांगितलं की लेकाला ड्यूटीवर अस्वलानं फाडलं. झालं! सरहद्द राखायला गेला आणि अस्वलाला सापडला, याहून चांगली करमणूक गावाला कुठून मिळणार? पोरं त्याच्या मागून गुरगुरत जायची. राशनच्या रांगेत म्हातारेसुद्धा विचारायचे, “का गा नायक, तिकडचं अस्वल हिंदी बोलते का?” तो हसायचा. मे महिन्याच्या उन्हातही सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावून हसायचा.

त्याची आई तर आणखी पुढची. सुटी संपली की ती त्याच्या ट्रंकेत तेलाचा रिकामा डबा भरायची. “ड्यूटीवर चालता चालता वाजवत जाय बापा. आवाजानं पळते ते.” आणि हा पठ्ठ्या दोन दिवसांच्या गाडीप्रवासात तो डबा खरंच घेऊन जायचा. पुढच्या सुटीला आला की म्हातारी विचारायची, “वाजवला नं?” हा सांगायचा, “रोज वाजवला, माय.”

एकदा माझ्या विहिरीतली मोटर वर काढायला तो मदतीला आला आणि चिंब भिजला. सदरा पिळायला काढला तेव्हा मी तो खांदा पाहिला. आमच्याकडे अस्वलाने धरलेला माणूस गावोगाव एखादा तरी सापडतो. नखांचे ओरखडे कसे लांब उतरतात हे पोरांनाही ठाऊक असतं. इथे समोर बोट बसेल एवढा खड्डा होता आणि पाठीला त्याहून मोठा. जखमी जवानांची कागदं टाइप करण्यात माझा जन्म गेलेला. मला काय कळायचं राहिलं होतं? पण मी मूग गिळून बसलो. अस्वल माझ्या सोयीचं होतं.

आता सांगूनच टाकतो. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि तो त्या दिवसापासून जास्त वाटायला लागला. चोवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या शौर्याला कार्बन लावला. कोण कुठल्या टेकडीवर कसा लढला, कोणी कुणाला पाठीवर उचलून आणलं, सगळं माझ्या बोटांखालून गेलं, आणि माझ्या अंगावर साधा ओरखडा नाही. ज्या खड्ड्यासाठी मी हात तोडून दिला असता तो या माणसाच्या खांद्यावर होता, आणि हा त्यावर बटण लावून फिरत होता.

त्याची आई गेली. तेरवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नायक माझ्या ओसरीवर हजर. “मी का म्हंतो बाबूजी,” तो म्हणाला. मी सवयीने चहा सांगितला. पण त्या दिवशी तो पुढे बोलला.

“मायले दुखीन मनून बोललो नवतो. आता माय नाई. माह्या किताबात तेवढं लिवून घेऊ नं.”

किताब म्हणजे त्याचं डिस्चार्ज बुक. फौजेतून घरी येताना मिळतं ते. पदकांच्या पानावर त्याची एकच ओळ होती. दोन राहिल्या होत्या. एक बर्फातल्या उंच चौकीवरच्या नोकरीची, दुसरी शत्रूच्या गोळीने जखमी झाल्याबद्दलची. तेव्हा त्याला काही महिन्यांसाठी दुसऱ्या पलटणीत दिलं होतं. पदकांचा हुकूम निघाला असेल तर त्या पलटणीत निघाला, त्याच्या स्वतःच्या पलटणीच्या कागदांत कधी आलाच नाही. असं होतं, मी कितीदा पाहिलं आहे. पण घरी येताना चूक सुधारता येते. पलटणीच्या ऑफिसातला बाबू विचारतो, सब ठीक है? मगच जवान सही करतो.

“मग तेव्हा काहून नाही बोलला तू?” मी विचारलं.

“माय हरेक कागद गुरुजीकून वाचून घे. किताब बी वाचून घेतलाच असता. मनून मी मनलो ठीक है, आन सही ठोकली.”

“आणि अस्वल कुठून काढलंस?”

“मायले अस्वल समजे, जी. माह्या मामाले धरलं होतं अस्वलानं, वाचला नं तो. गोळी तिनं कोठी पाह्यली? गोळी मनलं का माणूस मेलाच तिच्या हिशेबी. मले वापस जाऊ देल्लं असतं का?” मग म्हणाला, “आता पोरीच्या सासरी बी अस्वलच चालून राह्यलं. मेल्यावर बी मी अस्वलवालाच राहीन का, बाबूजी?”

तुम्ही म्हणाल, इथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल. नाही आलं. मला राग आला. एवढं मोठं पान या माणसाने आईच्या समाधानासाठी कोरं सोडलं होतं, आणि आता दोन ओळी सहज मागून घ्यायला आला होता. मी मनात मोजलं. त्याची होतील तीन, माझी राहतील दोन. साठीच्या माणसाने असं मोजावं, लाज वाटते सांगायला.

अर्ज मी लिहिला. अक्षर सुरेख काढलं, भाषा नम्र ठेवली. ‘तरी मेहरबान साहेबांनी कृपाळू होऊन विचार करावा’ वगैरे सगळं घातलं. घातलं नाही ते एवढंच, की तो कुठल्या पलटणीत दिला होता, कोणत्या इस्पितळात होता, कोणता हुकूम शोधायचा. असा अर्ज कुठे जातो ते माझ्याइतकं चांगलं कोणाला माहीत असणार? तसले शेकडो अर्ज मीच गठ्ठ्याच्या तळाला घातले आहेत. नायकाने तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

चार महिन्यांनी उत्तर आलं. पुरावा जोडलेला नाही, नोंदी बरोबर असल्याची अर्जदाराची स्वतःची सही आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही. तो कागद घेऊन नायक माझ्याकडे आला. मी म्हणालो, “सरकारी काम आहे बाबा, नाही म्हणतील तर आपण काय करणार?” तो बराच वेळ बसला आणि “चाल्तो मंग” म्हणून गेला.

माझी बायको आसगावची, बोलायला सडेतोड. धान पाखडता पाखडता तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, “चोईस वर्स लोकायचे कागद पास करून देल्ले. आन याचाच कसा नापास झाला?”

“मी काय करू त्याला?”

“जळता तुमी त्याच्यावर. मले कायले सांगता?”

त्या रात्री मी नीट जेवलो नाही. तरी पुढचे दोन महिने मी हातात पेन घेतलं नाही. कधी धानाच्या रोवणीची गडबड सांगितली, कधी डोळ्यांना दिसत नाही म्हणून सांगितलं. रस्त्यात नायक भेटला की पहिल्यासारखंच “रामराम बाबूजी” म्हणायचा. अर्जाचं नावही काढायचा नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

श्रावण लागता लागता मीच त्याच्या घरी गेलो आणि ट्रंक उघडायला लावली. तळाशी इस्पितळाची चिठ्ठी निघाली, घडीवर फाटलेली, पण वाचता येत होती. मी खरा अर्ज लिहायला बसलो. पलटण, चौकी, इस्पितळ, कुठल्या ऑफिसात कोणता हुकूम शोधायचा, सही का केली त्याचं कारण, सगळं. पाच पानं झाली. गोळी कशी लागली तेही लिहायचं होतं, म्हणून त्याला विचारलं.

“चाय घेऊन चाललो होतो वरच्या चौकीवाल्यायसाठी,” तो म्हणाला. “लागली. चाय सांडली.”

“आणि मग?”

“मंग काई नाई. चाय सांडली नं, त्यायले मिळाली नाई त्या दिवशी.”

त्याच्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं. मला लागली असती तर मी तीस वर्षं सांगत बसलो असतो, दर वर्षी टेकडी थोडी उंच करत.

अर्ज गेला. कार्तिकात खळ्यावर धानाचे भारे रचताना नायक खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. साकोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पत्र आलं पौषात. दोन्ही नोंदी मान्य, दुरुस्त पान सोबत जोडलं आहे, पदकं भंडाऱ्याच्या ऑफिसातून घेऊन जावीत. मी मनाशी हिशेब केला. पहिल्यांदाच नीट लिहिलं असतं तर ते पान त्याने स्वतःच्या हातात धरलं असतं.

सव्वीस जानेवारीला शाळेपुढे ते पत्र मी वाचलं. माझी दोन पदकं मी लावलीच होती, खोटं कशाला बोलू? नायकाची बायको पुढे बसली होती, पदकांची डबी मांडीवर घेऊन. ‘शत्रूच्या गोळीने डाव्या खांद्यास जखम’ या ओळीपर्यंत आलो आणि मागची पोरं पुढे सरकून ऐकायला लागली. राशनच्या रांगेतला तोच म्हातारा हळूच म्हणाला, “मंग अस्वल?”

नायकाची बायको बसल्या जागेवरून म्हणाली, “अस्वल सासूबाईसाठी होतं.”

कोणी हसलं नाही. कार्यक्रमानंतर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, “भाऊजी, तुमी नसते तं हे झालं नसतं.” ते मला सोसवलं नाही. मी सांगून टाकलं, की पहिला अर्ज मी मुद्दाम पोकळ लिहिला होता. जळत होतो म्हणून लिहिला होता. माझ्यामुळे त्याचे सहा महिने गेले.

तिने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं.

“त्यायले मालूम होतं, जी.”

“काय मालूम होतं?”

“तुमी बरोबर लिवलं नाई ते. सही करून आले, तवाच सांगतलं मले. मी मनलं, दुसऱ्याकून लिवून घ्या, साकोलीले वकील हायेत. तं नाई मने. मने, बाबूजीले माह्याच्यानं तरास होऊन राह्यला, त्यायचं मन निवलं का तेच लिवतीन. दुसऱ्याकडं गेलो तं गावात त्यायची काय इज्जत राह्यते?”

मी चहा घेतला आणि उठलो. डबी तिने भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली होती. घरी परतताना बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून चालत होतो आणि मला रडू यायला हवं होतं. मला पुन्हा त्याचा हेवाच वाटला.