दगडाची मागची बाजू

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. तेव्हा मी गोरेगावात पोलीस निरीक्षक होतो.

खबर पक्की वाटली. शहराबाहेरच्या एका प्राचीन शिवालयातला कोनाडा रिकामा आहे आणि तिथली नर्तकीची मूर्ती गोरेगावातल्या एका चित्रपट स्टुडिओमागच्या शेडमध्ये दडवली आहे. मी आधी ते देऊळ पाहून आलो. चुन्याचा कण न वापरता दगडात दगड बसवलेले, खांबाखांबावर नर्तकी, पैंजणातला मणी न् मणी सुटा दिसणारा. मी हात जोडून उभा राहिलो. पुजाऱ्याला एक प्रश्न विचारावा, एवढं मात्र सुचलं नाही.

शेडमध्ये हुबेहूब तशीच मूर्ती निघाली. मालक साठीचा, मूळचा मालवणकडचा, चित्रपटांसाठी थर्माकोलची देवळं करणारा. पंचनाम्यात मी लिहून घेतलं, 'प्राचीन, अप्रतिम कोरीव काम', आणि पंचांना त्याच्यादेखत वाचून दाखवलं. शेडमध्येच पाठीला गोणपाट बांधून ठेवलेल्या त्या मूर्तीसकट त्याला पोलीस ठाण्यात आणलं आणि मूर्ती भिंतीला टेकवली.

"साहेब, मीच घडवली ती. त्या रिकाम्या कोनाड्यासाठी."

"थर्माकोल कापणारा तू, आणि हे तू घडवलंस?"

"दगड फिरवून मागून बघा ना, साहेब."

मला वाटलं, टोलवतोय. स्टेशन डायरीत नोंद न करताच त्याला दुपारभर बसवून ठेवलं. चौथ्यांदा तो तेच म्हणाला तेव्हा मी रूळ उचलला आणि त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर मारला.

संध्याकाळी मूर्ती मुद्देमालाच्या खोलीत न्यायला चार शिपाई लागले. ती भिंतीपासून सुटली, गोणपाट निसटलं आणि पाठ दिसली. सपाट, त्यावर यंत्राच्या करवतीच्या रेघा.

हवालदार पुटपुटला, "वाट लागली, साहेब. हा तर आत्ता कापलेला दगड."

पुजाऱ्याला फोन लावला. तो कोनाडा त्याच्या आजोबांच्या वेळेपासून रिकामाच होता.

मी घाबरलो. केबिनमध्ये जाऊन पंचनामा फाडला आणि मग त्याला आत बोलावलं. "काका, चूक झाली. मूर्ती घेऊन घरी जा."

सुजलेली बोटं पोटाशी धरून तो म्हणाला, "चालायचंच. फक्त तो कागद द्या, साहेब. 'प्राचीन' लिहिलंत ना, तो. जन्मभर देवळं केली, शूटिंग संपलं की तोडतात. माझ्या कामाबद्दल असं कुणी लिहिलं नाही."

त्या कागदाचे तुकडे माझ्या पायाशी कचऱ्याच्या डब्यात पडले होते. मी म्हणालो, "तसा नियम नाही."

समोरचा काय सांगतो ते आधी तपासून बघा, असं मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला शिकवलं. ते मी कुठे शिकलो, हे कधीच सांगितलं नाही. मूर्ती प्राचीन नव्हती, पण अप्रतिम होती. तेवढा एक शब्द कोऱ्या कागदावर लिहून द्यायला मला कुठलाच नियम आडवा येत नव्हता.