सहा नंबरचा फोटो

झोपलेल्या माणसाचा फोटो कशाला काढायचा? दादाला विचारलं, तो हसला. आईला विचारलं, तिनं चूल फुंकली. आता तर दादाच नाही, मग सांगणार कोण?

बसा, चहा घ्या. माझ्याइतका गाढव साऱ्या मुळशीत सापडायचा नाही, हे आज पटवून देतो. हसू आलं तर हसा, मला राग नाही.

माझा थोरला भाऊ पुण्यात एका फोटो स्टुडिओत कामाला होता. एस.टी.नं जायचा-यायचा. मालकांनी त्याला एक जुना डबा कॅमेरा दिलेला. दादा गाडीत बसून लोकांचे फोटो काढायचा. नटूनथटून बसलेल्यांचे नाहीत, बरं का! खिडकीला डोकं टेकून पेंगणारी बाई, तांदळाचं पोतं पायात धरून रडू आवरणारा बाप्या. त्यांना कळायचंही नाही.

पण त्याचा स्वतःचा फोटो? एकही नाही! कॅमेरा कायम त्याच्याच हातात ना.

एकदा गाडीत दादालाच डुलकी लागली. मी हळूच कॅमेरा उचलला अन् खटका दाबला. फोटो काढला की किल्ली फिरवून रोल पुढं सरकवायचा, नाहीतर फोटोवर फोटो बसतो, हे त्यानं मला दहादा सांगितलं होतं. पण किल्ली करकर वाजते. त्याला जाग येईल, म्हटलं मागनं फिरवू.

मागनं कुठलं! त्याच रात्री त्याला ताप चढला, अन् आठवड्यात दादा गेला.

दहावा झाल्यावर मी कॅमेरा घेऊन स्टुडिओ गाठला. आत दादाचा एकुलता एक फोटो होता. मालकांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल काचेतून रोल कितव्या फोटोवर आहे तो नंबर पाहिला.

"सहावर आहे. आठाचा रोल. आत्ताच धुऊ का?"

हो म्हणायचं होतं हो, नुसतं हो! पण मी म्हणालो, "दादानं अर्धा रोल कधी धुतला न्हाई. सहा, सात, आठ, तीन ऱ्हायल्यात, मी काढतो."

परतीच्या गाडीत समोर एक म्हातारबाबा. पटका घसरलेला, हनुवटी छातीवर. दादानं हाच काढला असता! दाबला खटका.

बाबा जागे. "ए! काय केलंस रं?"

"फोटो काढला, आबा."

"झोपल्याला? मी काय मेलोय व्हय?"

आमच्याकडं फोटोवाला बोलावतात तो मयताला भिंतीला टेकवून बसवल्यावर. साऱ्या गाडीला वाटलं, मी आबांना जिवंतपणीच पोचवलं. एक मावशी ओरडली, "आरं, डोळं उघडं असल्याला काढ, न्हाईतर म्हातारं घरी जायाचं न्हाई!"

आबांनी पटका बांधला, डोळे वटारले. काढला.

"मला बी काढ की," मावशी म्हणाली, "अन् कोंबडी बी दिसू दे!" मागं कंडक्टर टोपी सरळ करून उभा. अख्खी गाडी श्वास धरून बसली. तिसरा!

आणि किल्ली? तुम्हाला आठवली ना? मला एकदाही आठवली नाही.

चार दिवसांनी मालकांनी फोटो हातात दिला अन् मान खाली घातली. सात अन् आठ कोरे. सहावर सगळे एकावर एक: झोपलेले आबा, वटारलेले आबा, मावशी, कोंबडी, टोपी. अन् त्यांच्याखाली, धुक्यात, दादाचा एक कान.

आईनं तो कान बोटानं शोधला. "हाय की माझा लेक," म्हणाली. मी चौकट करून आणली, भिंतीवर टांगली, हार घातला.

महिन्याभरात आबा गाव विचारत विचारत आपला फोटो मागायला दारात! भिंतीकडं बघून किंचाळलेच, "आरं, मला हार घातलाय! मी जिता हाय की रं!"

खरंच होतं. मी हार काढला. आबा पाणीसुद्धा न घेता निघून गेले. आई आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

मग मी फळीवरचा रिकामा कॅमेरा काढला, अन् दादासाठी तेवढं एक करायचं राहिलं होतं, ते केलं. किल्ली फिरवली. चांगली करकर वाजली.

कुणाला जाग आली नाही.